शांततेचा रेडिओ आणि आत्याबाईंचं ताट

"चंदना, सूर्य कुणाची वाट बघत न्हाई. सुंदरी बघती. तवा रोज तू तिला सांगत जा. रेडिओ कुणाचा का असंना."

अण्णा हे बोलले तेव्हा नाकातली नळी त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला सारली होती आणि नर्सबाई ती पुन्हा बसवायला धावत होत्या. चंदनबालेनं नुसती मान हलवली. देवापुढं श्रीफळ ठेवून घेतलेला नियम आणि जाणाऱ्या माणसापुढं हलवलेली मान, दोन्ही तिच्या लेखी एकाच वजनाचे.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात रेडिओ खरोखरच कुणाचाही होऊन गेला होता.

अण्णा हळदीचे अडते. सरकारनं लहान गावांसाठी रेडिओच्या लहरी लिलावात काढल्या तेव्हा सांगलीच्या पेठेत सगळे म्हणाले, जवाहर अण्णा आता निवडणुकीला उभा राहतोय. कुणी म्हणाले, हळदीचे भाव पाडायला घेतोय. खरं कारण एकट्या सुनेला, चंदनबालेला, ठाऊक होतं. अण्णांची धाकटी बहीण सुंदरी आष्ट्याला एकटी राही. तरुणपणीच काचबिंदूनं तिचे डोळे गेले होते. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही संध्याकाळी, आणि सूर्य मावळायच्या आत, हा तिचा लहानपणापासूनचा नियम. डोळे गेल्यावर तो ढिला करावा असं तिला कधी वाटलं नाही, उलट ती जास्तच कडक झाली. "डोळस माणूस अंधार बघून हात आखडतंय," ती म्हणायची. "मला दिवस न् रात सारखीच. मी किती सांभाळायचं?" घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. घड्याळाला सूर्य कुठं दिसतोय, हा तिचा सवाल. मोबाइलवर तर त्याहून नव्हता, कारण एकदा कुणा भाच्यानं मायेपोटी दिवेलागणीनंतर फोन करून 'अजून ऊन आहे, जेवून घे' असं सांगितलं होतं. रेडिओचं मात्र तिला पटलं. "एका कानात खोटं बोलायला काय लागतंय? हजार कानांत खोटं बोलायचं म्हंजे छाती पायजे."

म्हणून अण्णांनी माधवनगरात घराशेजारच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये रेडिओ उभा केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची पोती लावली. निवेदक आत गोरा शिरायचा आणि लग्नाच्या नवरदेवासारखा पिवळा होऊन बाहेर यायचा. नाव ठेवलं 'हळदवाणी'. बहिणीला एकदा जेव म्हणून सांगायचं, एवढंच अण्णांचं काम. उरलेला दिवस रिकामा पडायला नको म्हणून बाजारभाव, भजनं आणि गाणी.

सूर्यास्ताची ती घोषणा पहिल्या दिवसापासून चंदनबालेच्या आवाजात होती. "सूर्य मावळायला दोन घटका राहिल्या. ज्यांचं जेवण व्हायचंय त्यांनी ताटावर बसावं. आता उशीर करू नये." बास, एवढीच. रमजानात शेजारचे चांदसाहेब याच घोषणेवर खजूर भिजत घालायचे आणि दोन घटका सबुरीनं बसायचे.

अण्णा गेल्यावर रेडिओ धाकट्या मुलाकडं, सम्मेदकडं आला आणि त्याचं नाव 'धडाका' झालं. भजनं गेली, कुस्त्यांचं धावतं वर्णन आलं, तालमीत दंड मारायला लागणारी गाणी आली. एकदा कुंडलच्या मैदानात दोन पैलवान एकमेकांच्या गळ्यात असे काही अडकले की सुटेनात. सम्मेदनं वर्णन तोडलं नाही. काचेपलीकडं चंदनबाला हात जोडून उभी होती, आणि सूर्य त्या दोन पैलवानांना न विचारता मावळून गेला. कुस्ती बरोबरीत सुटली. आष्ट्यात सुंदरी आत्याबाई वाढलेल्या ताटासमोर बसून राहिल्या आणि उपाशीच झोपल्या. दुसऱ्या दिवशी भोवळ येऊन परसात पडल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून सम्मेदला आत्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. आत्याला दिसत नाही, तरी देता येत नाही.

मग रेडिओ ब्राह्मीताईंनी घेतला. नणंदबाईंनी त्याला 'गुलाबी' केलं. प्रेमात पडलेल्यांनी फोन करायचे आणि ब्राह्मीताईंनी सल्ले द्यायचे. सूर्यास्ताच्या घोषणेमागं त्यांनी थरथरती सतार घातली. मिरजेच्या एका जोडप्यानं 'आता उशीर करू नये' हे स्वतःला लावून घेतलं आणि त्याच संध्याकाळी पळून जाऊन लग्न केलं. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन शेडपुढं आली. चंदनबालेनं त्यांना पाणी दिलं, आणि दोन घटका राहिल्यात म्हणून जेवायलाही वाढलं.

शेवटी तो थोरल्याकडं आला, म्हणजे चंदनबालेच्या नवऱ्याकडं. भूपालचा स्वभाव असा, की जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. ज्यानं फोन केला त्याच्या आवडीचं लागायचं. भजन सुरू असताना लावणीची फर्माईश आली की भजन तिथंच थांबायचं, आणि लावणी अर्ध्यावर असताना म्हशीच्या तोंडखुरीवर डॉक्टर बोलायला लागायचे. जाहिरातदार गेले, निवेदक गेले, पोतीसुद्धा उंदरांनी फोडली. राहिली ती चंदनबालेची तीन वाक्यं.

आणि आता रेडिओला साताऱ्याहून गिऱ्हाईक येणार होतं.

बैठक उद्या ठरली होती. त्या भरवशावर चंदनबालेनं आज सकाळी बस्तीत, जैन मंदिरात, जाऊन नियम घेतला. कारण मागच्या आठवड्यात तिच्या तोंडून एक वाक्य निसटलं होतं. "भावजी, तुम्ही अण्णांच्या तिरडीलासुद्धा प्रायोजक शोधला असता," असं ती सम्मेदला म्हणाली होती. सम्मेदनं खरंच शोधला होता, पण खरं बोलून माणसाला दुखवलं तर ते पाप कमी होतं असं कुठल्याच शास्त्रात नाही. म्हणून आज काष्ठमौन. बोलायचं नाही, खूण करायची नाही, लिहायचं नाही. लाकडासारखं राहायचं, थेट संध्याकाळच्या घोषणेपर्यंत. तोंडून निघणारे पहिले शब्द अण्णांचे असावेत.

ती बस्तीतून परतली तर दारात साताऱ्याची गाडी उभी. पाहुण्यांनी बैठक एक दिवस अलीकडं ओढली होती.

"वहिनी, हे वीरधवलराव," सम्मेद म्हणाला. "कंदी पेढे आणल्यात."

वीरधवलराव हळू आवाजात बोलत. इतक्या हळू, की सगळं घर त्यांच्याकडं वाकलं होतं. चंदनबाला त्यांच्याकडं बघत उभी राहिली. नमस्कारसुद्धा खूण होते की काय, हे तिला ठरवता येईना.

"अगं, नमस्कार तरी कर," भूपाल म्हणाला.

"मौन हाय वाटतं," ब्राह्मीताई म्हणाल्या. "ओठ बघ की कसे मिटल्यात. काष्ठमौन दिसतंय."

"अरे वा!" वीरधवलराव हरखून कुजबुजले. "आमच्या रेडिओच्या पहिल्या श्रोत्या घरातच निघाल्या."

मग त्यांनी सांगितलं. साताऱ्यात त्यांचे दोन रेडिओ चालत होते. दोन्हीकडं गाणी, दोन्हीकडं गडबड. लोक ऐकतात कुठं, नुसता चालू ठेवतात. यावर त्यांनी फार विचार केला. बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलेलं. जमीन हलून थांबली की जी शांतता पडते, ती त्यांनी लहानपणी ऐकली होती, आणि तसलं काही पुन्हा कुठल्याच रेडिओवर ऐकायला मिळालं नव्हतं.

"तेव्हा हा रेडिओ शांततेचा," ते म्हणाले. "दिवसभर. गाणं नाही, माणूस नाही."

"म्हंजे काय लागणार?" सम्मेदनं विचारलं.

"शांतता."

"ते कळलं वो. पण लागणार काय?"

वीरधवलरावांनी उत्तर न देता पिशवीतून स्पीकर काढला आणि टेबलावर ठेवला. सगळे बसले. स्पीकरवर निळा दिवा लागला. काहीच ऐकू आलं नाही.

"ही कास पठाराची," ते कुजबुजले. थोड्या वेळानं बोट हलवलं. "आणि ही कोयना धरणाची, दरवाजे बंद असतानाची."

ब्राह्मीताई डोळे मिटून ऐकत होत्या. "दुसरी जड वाटती, न्हाई? पोटात उतरती."

"ताईंना कान आहे!"

"मला पहिली बरी वाटली," सम्मेद म्हणाला. "मोकळी हाय."

"मला दोन्ही आवडल्या," भूपाल म्हणाला.

चंदनबाला ताकाचे पेले घेऊन आली. काम करणं म्हणजे खूण नव्हे, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं णमोकार मंत्र म्हटला, मनातल्या मनात, आणि कान बाहेर ठेवला. मौनात कान झाकायचा नियम नसतो.

"जाहिराती?" सम्मेदचा आवाज.

"त्यासुद्धा मूक. दुपारची शांतता मिक्सरवाल्यांची. त्या वेळी जी शांतता असेल ती त्यांची."

"लोकांना कळणार कसं?"

"पेपरात छापू ना. कानाच्या यंत्राच्या दुकानदारानं पूर्ण सकाळ मागितली आहे. त्याची अडचण वेगळीच आहे. यंत्र लावूनही काही ऐकू येत नाही म्हणून लोकांनी यंत्रं परत केली तर काय करायचं, म्हणतो."

रेडिओचे चार वाटे होते. तीन मुलांचे, आणि चौथा अण्णांनी सुनेच्या नावावर केलेला. तो का केला हे तिन्ही मुलांना आजवर उमगलं नव्हतं. विकायचं तर चौघांची हो हवी, आणि चौथीनं आज सकाळीच तोंडाला कुलूप घातलं होतं.

"वहिनींनी ताकात साखर घातलीया," सम्मेद पेला तोंडाला लावून म्हणाला. "नाराज बाई ताकात साखर घालती व्हय? राजी हायत."

"राजी?" ब्राह्मीताई फिस्कारल्या. "अरं, तिनं पेला कसा ठेवला बघितलंस का? टेबल वाजलं. वहिनी, तू मला सांग. मी तुझ्या बाजूनं हाय. डोळा मीट, म्हंजे मी समजते."

चंदनबालेनं डोळे ताणून उघडे धरले. मिटले तर खूण होईल. ताणून धरले की पाणी येतं, आणि ते आलं.

"रडायला लागली!" ब्राह्मीताई म्हणाल्या. "विकायचं न्हाई म्हणती ती. आणि मीही न्हाई म्हणते."

"आनंदाचे असत्याल," भूपाल म्हणाला.

"दादा, तू कुणाकडनं हाईस?"

"मी तुम्हा सगळ्यांकडनंच हाय की."

वीरधवलरावांनी खुर्ची ब्राह्मीताईंकडं सरकवली. "ताई, आमच्याकडं शांतता निवडायला जाणकार माणूस लागेल. कोणत्या प्रहरी कोणती. तुमचा कान पाहिल्यावर मला दुसरं नाव सुचत नाही."

ब्राह्मीताईंनी पेढा उचलला. "पहाटे जड लावू नका. पहाटे ती मोकळी लावा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा वाटा पलीकडं गेला.

तेवढ्यात सम्मेद उठून उभा राहिला. "एक मिन्ट. आत्याचं काय?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं मनगट चोळलं. स्वतःचंच, पण आत्याचं मोडलं होतं तेच.

"सूर्यास्ताची घोषणा बंद झाली तर आत्या जेवणार न्हाई," तो म्हणाला. "ती चालू ऱ्हायली पायजे. न्हाईतर माझा वाटा न्हाई."

ज्या दिराला तोडून बोलले त्यालाच आठवण झाली, असं चंदनबालेच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. पण आता तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"माणसाचा आवाज एकदा आला की शांतता फाटते," वीरधवलराव म्हणाले. "फाटलेली शांतता विकता येत नाही. पण आपण असं करू. सूर्यास्ताआधी विशेष शांतता देऊ. जरा गडद. ती ऐकू आली की आत्याबाईंनी जेवायला बसायचं."

"दादा, आत्याला फोन लाव," ब्राह्मीताई म्हणाल्या. "तिलाच विचारू."

भूपालनं फोन लावून टेबलावर ठेवला. बऱ्याच वेळानं पलीकडून खोकला ऐकू आला.

"कोन?"

"आत्या, मी भूपाल. रेडिओ विकतोय आमी."

"परत?"

"आता बाहेरच्यास्नी. साताऱ्याचं पावनं हायत. त्यांच्या रेडिओवर कुणी बोलनार न्हाई."

"मग काय करनार?"

"गप बसनार."

"आनि ते ऐकायला रेडिओ कशाला पायजे? माझ्या घरात आयती हाय. न्यायची असली तर पोतं घिऊन यावा म्हनावं."

सम्मेद फसकन हसला. वीरधवलरावांनी फोनकडं वाकून सूर्यास्ताच्या गडद शांततेची योजना समजावून सांगितली. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबा, तुमी लय गोड बोलताय," त्या म्हणाल्या. "पर अंधार मी लय बघितलाय. त्यातला गडद कुठला न् फिका कुठला, ते सांगायला तुमी कशाला?"

"मग मी रोज फोन करीन, आत्या," सम्मेद घाईनं म्हणाला. "बरोबर टायमाला. शपथ घेतो."

"तू व्हय? तू तर पैलवान सुटल्याबिगर फोन करनार न्हाईस." सम्मेद खाली बसला. "एका कानात सांगितलेलं मी धरत न्हाई, तुला ठावं हाय. चंदना कुठाय? तिला बोलू दे."

सगळ्यांचे डोळे दारात उभ्या असलेल्या चंदनबालेवर. फोन टेबलावर होता, तीन पावलांवर. एकच शब्द पुरेसा होता. 'नको' म्हटलं की विक्री थांबली, रेडिओ वाचला, आत्याबाईंचं ताटही वाचलं. आणि नियम मोडला. तोही दुपारच्या उन्हात, एका शब्दासाठी, जसा मागच्या आठवड्यात एका वाक्यासाठी जीव दुखवला तसा. तिची जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली.

"वहिनी, बोल की," ब्राह्मीताई हळूच म्हणाल्या.

"बोलत न्हाई ती?" आत्याबाईंचा आवाज आला. त्या ऐकत होत्या. वीरधवलरावांच्या स्पीकरसमोर ब्राह्मीताई बसल्या होत्या तशा नव्हे. पातेल्यातलं दूध वर येतंय का, हे बाई ऐकते तशा. "मौन धरलंय व्हय गं? हां. हाईस तिथं. श्वास वळखीचा हाय. बरं केलंस. तोंडाला लय येत असंल तवाच मौन धरावं." मग सगळ्यांना उद्देशून, "तिला तरास दिऊ नगा. माझं ताट मी वाढून ठेवती. सांगनं आलं तर जेवीन. न्हाई आलं तर उद्याचा दिस हाय. उद्याबी न्हाई आलं तर परवाचा." फोन ठेवल्याचा आवाज आला.

वयाच्या ज्या टप्प्यावर आत्याबाई होत्या, तिथं उद्या आणि परवा एवढे सोपे नसतात.

"म्हंजे आत्याची हरकत न्हाई," भूपाल म्हणाला.

"दादा!"

"उद्या-परवा म्हणाली की ती. मुदत दिली."

वीरधवलराव उभे राहिले. पहिल्यांदाच जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "सरकारी सोपस्कार व्हायचे तेव्हा होतील. आज मुहूर्त चांगला आहे. चार वाजता चाचणी म्हणून पहिली शांतता सोडू. वहिनींची हरकत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावं. आम्ही कुणाच्या मनाविरुद्ध शांत होणार नाही."

चंदनबाला बघत राहिली. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. अण्णा, काय करू? फोटो काही बोलला नाही. आज सगळेच गप्प. पण गप्प फोटोकडं बघता बघता तिला ते वाक्य शेवटापर्यंत ऐकू आलं, नळी बाजूला सारलेल्या हातासकट. *रोज तू तिला सांगत जा. रेडिओ कुणाचा का असंना.*

एवढी वर्षं ती या वाक्याचा शेवट रेडिओचं गाऱ्हाणं म्हणून ऐकत आली होती. पोरं भांडतील, रेडिओ इकडं तिकडं जाईल, असं अण्णांना दिसत होतं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं, असं. आज कळलं की अण्णांनी तिला रेडिओतून मोकळं केलं होतं. रेडिओ सांभाळ असं ते म्हणालेच नव्हते. सांगत जा, म्हणाले होते.

तेवढ्यात तिला शिंक आली. ताकाच्या फोडणीची मिरची सकाळपासून नाकात होती.

"सत्य हाय!" भूपाल म्हणाला. "झाली हो."

"शिंक म्हंजे अपशकुन, दादा," सम्मेद म्हणाला.

"एक असली तर."

दुसरी आली. चारी वाट्यांचा सौदा दोन शिंकांवर पक्का झाला. वीरधवलरावांनी सगळ्यांना पेढे दिले. सम्मेदनं त्याचा पेढा खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला.

चारच्या सुमारास शेडमधला भजनाचा सूर मधेच तुटला. भूपालनं घरातला जुना रेडिओ टेबलावर आणून ठेवला, तोच, ज्याच्यावर अण्णा स्वतःचं केंद्र तपासायचे. सगळे खुर्च्या ओढून भोवती बसले. वीरधवलरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

रेडिओ लागला होता, दिवा दिसत होता, आणि त्यातून काहीही येत नव्हतं.

"किती स्वच्छ," ब्राह्मीताई श्वासात म्हणाल्या.

"श्श!"

भूपालनं मान डोलवायला सुरुवात केली, गाण्याच्या लयीत डोलवतात तशी. गल्लीत कुणीतरी रेडिओवर थाप मारली. मग आणखी कुणीतरी. थोड्या वेळात सगळ्या माधवनगरातून धप धप असे आवाज येऊ लागले, लोक आपापले रेडिओ दुरुस्त करत होते. वीरधवलरावांच्या कपाळावर आठी आली.

चंदनबाला उठली. कुणी वर पाहिलं नाही. आवाज झाला तर दोष आपल्याकडं येईल, म्हणून कुणी हलतही नव्हतं. तिनं देवघरातल्या समईकडं एकदा बघितलं, पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच उंबरा ओलांडला. बाहेर आल्यावर चपला पायात घातल्या.

मागून पावलं आली. सम्मेद होता. त्यानं काही विचारलं नाही. हातातला पेढा कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. "आत्याला," तो म्हणाला. एवढं बोलून परत फिरला आणि रेडिओपुढं आपल्या जागी जाऊन गप्प बसला.

शेडच्या पुढच्या अंगाला चांदसाहेबांचा टेम्पो उभा होता. टपावर भोंगा, मागं बादल्या, घमेली, टोपल्या, झाडू. ते रोज एका गावाला जात. आज कुठं निघाले होते कुणास ठाऊक. त्यांनी रेडिओवर दोन थापा मारून तो बंद केला होता आणि चावी फिरवायच्या बेतात होते.

चंदनबाला आली आणि शेजारच्या सीटवर बसली. हातानं खूण नाही, डोळ्यांनीही नाही. मांडीवर पेढा, समोर नजर.

"भाभी?" चांदसाहेब म्हणाले.

ती लाकडासारखी बसून राहिली.

चांदसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग बंद रेडिओकडं. मग काचेतून वर, जिथं कार्तिकातलं ऊन उसाच्या शेंड्यांकडं उतरायला लागलं होतं. रमजानच्या कितीतरी संध्याकाळी त्यांनी या बाईच्या आवाजावर काढली होती. आणि आष्ट्याच्या त्या म्हाताऱ्या बाईला बादली विकताना दरवेळी शिव्याही खाल्ल्या होत्या, भोंग्यावर 'स्वस्त' म्हणतोस आणि दारात भाव वाढवतोस म्हणून.

"आष्टा व्हय?" ते म्हणाले. उत्तर आलं नाही, आणि त्यांनी वाटही बघितली नाही. "आयला, मला आज तासगावला जायाचं हुतं," एवढं स्वतःशी बोलून त्यांनी गाडी उलटी वळवली.

माधवनगरच्या रस्त्यावर लोक रेडिओ कानाला लावून उभे होते. एका पानटपरीवर चौघं मिळून एकाच रेडिओकडं बघत होते. एक म्हणत होता, "अरं आवाज मोठा कर की." दुसरा म्हणत होता, "मोठाच हाय रं."

सांगलीबाहेर पडल्यावर चांदसाहेबांनी भोंग्याचा माईक खालून काढला, बनियनला पुसला, वायर गुंडाळीतून सोडवली आणि तिच्या मांडीवर पेढ्याशेजारी ठेवला. भोंग्यावर त्यांचाच आवाज भरून ठेवलेला असायचा, बादल्या घ्या, टोपल्या घ्या. तो त्यांनी बंद केला.

"गावात शिरल्यावर बोला. बस्तीपास्नं बाजारापातूर फिरवतो," ते म्हणाले. "हजार कान हुत्यात की न्हाई बघू."

चंदनबालेनं माईककडं बघितलं नाही. सूर्य डाव्या अंगाला उसात होता, अजून वर होता, पण घाई करावी लागणार होती. तिनं मनात तीन वाक्यं म्हणून बघितली, अण्णांनी सांगितलेल्या क्रमानं, आणि घसा साफ करावासा वाटला. तो साफ करणं आवाजात मोडतं की नाही हे ठरेना, म्हणून तिनं तो तसाच ठेवला.